प्रॅक्टिकलच्या बॅचेस आणि पीएच.डी.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम देता येते, अशी तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत आहे. सोलापुरात रसायनशास्त्रात संशोधन करताना बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस माझ्याकडे आल्या आणि हे तास संशोधनाला पूरक ठरतात, असे माझे ठाम मत झाले. मात्र ते खरेपणाने मोजले गेले पाहिजेत.

पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजण्याचा प्रयोग मला विशेष आवडतो. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट अशा तालुक्यांतून येणारी मुले घरच्या बोअरचे पाणी बाटलीत भरून आणतात. त्यात आम्लता स्थिर ठेवणारे अमोनियाचे बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक घातला की पाणी लालसर होते. मग ब्युरेट या मापनळीतून हे क्षार बांधून घेणारे ईडीटीएचे द्रावण थेंबाथेंबाने सोडत गेल्यावर ते निळे होते, आणि त्या वाचनावरून कठीणपणा काढता येतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, तर दुसरा स्रोतच नसेल तेव्हा ६०० पर्यंत चालते. आपल्या घरचा आकडा या मर्यादांशेजारी मांडताना मुले जेवढी सावध होतात, तेवढी कोणत्याही सूचनेने होत नाहीत.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, बफर घातलेच नाही तर?" उत्तर सांगण्याऐवजी मी तिला तसे करून पाहायला सांगितले. रंग नेमका कुठे बदलला, हे तिला ठरवता येईना. ईडीटीए कॅल्शियमला बांधून घेताना हायड्रोजन आयन मोकळे होतात, त्यामुळे द्रावणाची आम्लता वाढत जाते, आणि ती वाढली की दर्शकाचा निळा रंग नीट उमटत नाही. हे कारण फळ्यावर मांडताना माझ्या स्वतःच्या प्रयोगांत पीएच कुठे घसरत, म्हणजे आम्लता कुठे वाढत असेल, याचा विचार माझ्या मनात सुरू झाला. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडताना असेच थेट प्रश्न येतात, त्यांची तयारी इथेच होते.

मुलांची जर्नल, म्हणजे प्रयोगवही, तपासताना एकाच प्रयोगाची तिन्ही वाचने तंतोतंत सारखी दिसली, तर मी विद्यार्थ्याला बोलावून घेतो. थोडी वेगळी पण खरी वाचने मला अधिक मोलाची वाटतात.

अडचण आहे ती हिशेबाची. वेळापत्रकात फक्त प्रॅक्टिकलचे तास दिसतात. आदल्या दिवशी द्रावणे तयार करणे, ईडीटीएचे प्रमाणीकरण करणे, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता ठरवणे, आणि नंतर जर्नलांचा गठ्ठा तपासणे यांची कुठेच नोंद होत नाही. वास्तविक आयोगाच्या त्याच तरतुदीत मूल्यमापनाचाही स्पष्ट उल्लेख आहे. पीएच.डी.साठी साधारणपणे किमान ३ आणि कमाल ६ वर्षे मिळतात, आणि ज्यांना अधिछात्रवृत्ती नाही ते तर अन्य काम करून शिकत असतात. म्हणून तयारी आणि तपासणी धरूनच सहा तासांची मर्यादा पाळावी, आणि सहामाही प्रगती अहवालात या कामासाठी एक रकाना असावा, असे मला मनापासून वाटते.