तीन गिटार, आठ चॅनल आणि मी

बँडात गिटारवाले किती पाहिजेत असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, बेस कोण वाजवतंय? बेस म्हणजे खालचे जाड सूर धरणारं वाद्य. अर्धे लोक तिथंच गप्प होतात. २००९ ला आम्हीपण झालो होतो.

आम्ही बेळगावकडचे पाच जण होतो. खानापूरचा एक, निपाणीचा एक आणि मी टिळकवाडीचा, तिघंही गिटार. ड्रमर वडगावचा. गाणारा शहापूरचा, घरात कन्नड बोलणारा, पण मराठी गाणी आमच्यापेक्षा स्वच्छ म्हणायचा. आमच्याकडं भांडण म्हटलं की बाहेरच्या लोकांना आधी भाषा आठवते, पण आमच्यात भाषेवरून एकदाही वाद झाला नाही, सगळे वाद व्हॉल्यूमवरून झाले.

तीन गिटार का, तर तिघांनी एकाच क्लासमध्ये गिटार शिकलेली म्हणून, दुसरं काही कारण नाही. बेस घ्यायचा विचार मी एकदा घरी बोलून दाखवला होता, तर बाबा म्हणाले, चारच तारा? मग त्याच पैशात सहा तारांची घे की. ह्यावर काय बोलणार.

प्रॅक्टिस ड्रमरच्या घरामागच्या शेडमध्ये. तिथं त्यांचे यंत्रमाग. दिवसभर माग चालू असायचे आणि रात्री आठनंतर बंद झाले की आम्ही सुरू, त्यामुळं शेजाऱ्यांची कधी तक्रार आली नाही, त्यांच्या कानाला फरकच कळत नसणार. सुताच्या कोनांच्या पोत्यांवर अँप ठेवायचे, खाली ठेवले तर फरशीतून गुंगुं आवाज यायचा. तीन अँप, त्यातले दोन पंधरा वॅटचे आणि खानापूरकराचा चाळीसचा, हे आधीच सांगून ठेवतो, पुढं कामाला येईल.

गणपतीत एका मंडळानं पाचव्या दिवशी संध्याकाळी एक तास दिला होता. मंडळ लहान, पण आमचा पहिलाच प्रोग्राम, दोन महिने हातात. पहिल्या आठवड्यात आम्ही एक गाणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि ड्रमरच्या खोलीत बसून ऐकलं. नुसता भुंग्यांचा आवाज, मध्येच स्नेअरचा फटका, आणि गाणारा म्हणजे कोणीतरी बंद दाराआडून हाका मारल्यासारखा. आधी सगळ्यांनी मोबाईलला नावं ठेवली. मग गाणारा म्हणाला, "तिघं एकच वाजवूलाय की रे, मी कुठं गाऊ?"

बरोबरच होतं त्याचं. तिघंही तोच जी कॉर्ड, मानेवरच्या त्याच पहिल्या तीन घरांत, म्हणजे फ्रेटवर, त्याच स्ट्रमिंगनं, आणि तिघांनी गेन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा खुट्टा, फुल्ल केलेला. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते आणि तिथून वर गिटारचा जो मधला पट्टा आहे तिथंच माणसाचा आवाज बसतो. एकाच पट्ट्यात तीन गिटार आणि एक गळा कोंबला तर मरतो तो गळाच. आणि खाली, जिथं बेसची जाड तार ४१ ला वाजते, तिथं आमच्याकडं कोणीच नाही. म्हणजे वरच्या मजल्यावर चेंगराचेंगरी आणि तळमजला रिकामा. हे सगळं आत्ता सांगतोय, तेव्हा आम्ही काय केलं तर तिघांनी आपापला अँप एक-एक खुट्टा वर केला. पंधरा वॅटवाले दोघं वर गेले की चाळीसवाला वर, मग गाणारा ओरडून गायला लागला आणि दुसऱ्या आठवड्यात त्याचा घसा बसला.

एक कमी करूया का, असं ड्रमरनं दबकत काढलं तेव्हा खानापूरकरानं मेडन बाहेर काढलं. तो २००७ च्या मार्चमध्ये रात्रीच्या बसनं बेंगळूरला जाऊन पॅलेस ग्राउंडवर आयर्न मेडन हा इंग्लंडचा मेटल बँड बघून आलेला, आणि तेव्हापासून कुठल्याही वादात त्याचा शेवटचा मुद्दा तोच असायचा. मेडनला तीन आहेत की गा! आहेत, खरंय. पण ते तीन झाले कसे, तर १९९९ ला जुना गिटारवाला एड्रियन स्मिथ परत आला आणि त्याच्या जागी आलेल्या यानिक गर्सला कोणी काढलं नाही. म्हणजे त्यांच्याकडंपण काढायचं कोणाला हा प्रश्न असाच सुटलाय, असं मी तेव्हा म्हणालो आणि सगळे हसले. फक्त ते तिघं वेगवेगळं वाजवतात, आणि १९७५ ला बँड ज्यानं काढला तो स्टीव्ह हॅरिस बेस वाजवतो. ही गोष्ट खानापूरकर सोयीस्कर विसरायचा.

दुसरा घोळ रेकॉर्डचा. गाणं हेडफोनवर ऐकायचं, त्यात चार गिटार ऐकू आल्या की आपल्याला तीनसुद्धा कमीच पडतायत असं वाटायचं. स्टुडिओत एकच माणूस एकावर एक चार थर वाजवून ठेवतो हे आमच्या डोक्यातच नव्हतं. क्वीनच्या रेकॉर्डवर गिटारींची फौज ऐकू येते, पण बँडात गिटारवाला एकच, ब्रायन मे. लेड झेपेलिनमध्येही एकटा जिमी पेज. निपाणीकरानं हे कुठंतरी वाचून आल्यावर सांगितलं तेव्हा त्याला वाटलं नसणार की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय.

मग आम्ही एक प्रयोग केला, आणि तो ड्रमरच्या डोक्यातून आला. तो झांज पथकात ताशा वाजवायचा, त्यामुळं ढोल किती आणि ताशे किती हा हिशोब त्याला लहानपणापासून पाठ. त्यानं एकच गाणं चार वेळा वाजवायला लावलं. एकदा तिघं, मग प्रत्येक वेळी एक जण पोत्यावर गप्प बसणार. बसायचा क्रम चिठ्ठ्या टाकून. आपण नसताना आपलं गाणं ऐकणं हे लई विचित्र असतं. निपाणीकर बसला तेव्हा गाणं जरा पोकळ झालं, खानापूरकर बसला तेव्हा सोलोची जागा आली आणि मी तिथं काहीतरी खाजवल्यासारखं केलं, ते जाऊदे. मी बसलो तेव्हा मी डोळे मिटून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, आता कळेल ह्यांना.

चारही रेकॉर्डिंग ड्रमरच्या काकूंना ऐकवली, कोण आहे कोण नाही काही न सांगता. त्या शेंगा फोडत बसलेल्या. चौथं संपल्यावर म्हणाल्या, "शेवटचं बरं हाय. त्यात शब्द कळूलेत."

शेवटचं म्हणजे मी नसलेलं.

त्या रात्री मी सायकल घेऊन सरळ घरी गेलो नाही, गोगटे सर्कलपर्यंत उगाच जाऊन आलो. मला खरंच वाटत होतं की सगळ्यात कमी वाजवणारा निपाणीकर. पण तो कमी वाजवायचा म्हणूनच चालत होता हे मला काकूंनी शेंगा फोडत सांगितलं, आणि हे पचायला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत कोणी फोन केला नाही, म्हणजे माझाच राग आणखी वाढला, नंतर कळलं की फोन कोणी करायचा ह्यावर त्यांच्यात भांडण चाललेलं.

पाचव्या दिवशी साउंडवाल्याकडं गेलो, ॲडव्हान्स द्यायचा होता आणि ते पैसे माझ्याकडं होते. त्यानं मिक्सर दाखवला. आठ चॅनल, म्हणजे माईक-गिटारचे जॅक खोचायच्या आठ जागा. दोन माईक ड्रमला, एक गाणाऱ्याला, एक कोरसला, आणि एक मंडळाच्या सेक्रेटरींचा, तो काढायचा नाही म्हणाला, मोटारसायकल काढा, चप्पल जागेवर ठेवा असल्या सूचना त्यांना मध्येमध्ये द्यायच्या असतात. राहिले तीन. मी म्हटलं तीन गिटार, बसतंय की. त्यानं वर बघून विचारलं, "आणि बेस?" बाबांना, क्लासच्या सरांना, आम्हाला कोणालाच न पडलेला प्रश्न त्याला अर्ध्या सेकंदात पडला. त्याच्या दृष्टीनं तो फक्त जॅक कुठं खोचायचा एवढाच प्रश्न होता. मी तिथंच उभ्याउभ्या म्हणालो, बेस मी.

बेस मिळाला मडगावला. तिथं लग्नात वाजवणारे पिढ्यानपिढ्या, त्यामुळं जुनी वाद्यं निघतात. एका म्हाताऱ्या वाजवणाऱ्याकडं सेकंड हँड होता, त्यानं आमची कहाणी ऐकली आणि "तीन गिटारी? आनी बेस कोण वाजयता?" एवढं म्हणून इतका हसला की मी भाव करायचा विसरलो. परत येताना चोर्ला घाटात जुलैचा पाऊस, काचा नीट बंद होत नव्हत्या, बेसला ताडपत्री गुंडाळून मांडीवर आडवा धरून बसलो, शेजारचा माणूस सारखा विचारत होता आत काय हाय, मासे काय?

ज्यांना वाटतं बेस म्हणजे दोन तारा कमी असलेली गिटार, त्यांना एवढंच सांगतो की मलापण तसंच वाटत होतं. तारांची नावं त्याच जाड चार तारांची, ई ए डी जी, फक्त एक सप्तक खाली. पण मान लांब, तारेची लांबी साधारण ३४ इंच, गिटारची २५ च्या आसपास, त्यामुळं डावा हात दुखून येतो आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड. ते एकवेळ ठीक. खरं अवघड म्हणजे कमी वाजवणं. पहिले पंधरा दिवस मी बेसवरपण सोलोच वाजवत होतो. ड्रमरनं शेवटी माझं स्टूल ओढून ड्रमच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाला, माझ्या पायाकडं बघ, पाय पडला की तू वाजव, नाहीतर गप्प बस. तसं केल्यावर तिसऱ्या दिवशी काहीतरी बसलं. शेडमधला पत्रा थरथरला आणि गाणारा ओरडायचा थांबला.

दोन गिटार राहिल्या तरी घोळ थोडा होताच. आता तो कमी झाला तो माझ्या मामामुळं, मामा तंबोरा धरतो, शास्त्रीय बैठकीत. तो एकदा मला घ्यायला शेडवर आला आणि ऐकून म्हणाला, गवयाच्या मागं तंबोरे दोन असतात, पण पुष्कळदा एक पंचमात लावलेला आणि दुसरा निषादात, दोन्ही एकसारखे लावून उपयोग काय? हे ऐकून निपाणीकरानं दुसऱ्या दिवशी कॅपो, म्हणजे मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, आणला. सातव्या फ्रेटवर कॅपो लावून तोच जी त्यानं सी चा आकार धरून वाजवला, वरच्या पट्टीत, एकेक तार सुटी. खाली खानापूरकर जाडजूड, वर हा मंजुळ. दोघांनी गेन निम्म्यावर आणला, निपाणीकरानं मिडचा, म्हणजे मधल्या पट्ट्याचा, खुट्टा खाली केला, गाणाऱ्याला जागा झाली. डावी-उजवी वाटणी करायचीपण आमची आयडिया होती, हेडफोनवर झकास वाटायचं, पण मंडळाचा साउंड मोनो, म्हणजे दोन्हीकडं एकच आवाज, आणि वेगळा असता तरी मंडपाच्या डाव्या बाजूच्या बायकांना एकच गिटार ऐकू आली असती.

खानापूरकराला चाळीसवाल्या अँपचा आवाज कमी ठेवायला लावणं हे वेगळंच प्रकरण. त्यात मंडळाच्या प्रोग्रामपेक्षा जास्त वेळ गेला.

पाचव्या दिवशी पाऊस उघडला होता. सहा गाणी मराठी, एक हिंदी, आणि समोरून चिठ्ठी आली म्हणून एक कन्नड, त्यात मला कॉर्ड माहीत नव्हते, मी ड्रमरच्या पायाकडं बघून एकच सूर धरून बसलो आणि चाललं. दुसऱ्याच गाण्यात निपाणीकराची तार तुटली. दुसरी गिटार नाही, तार बदलायला वेळ नाही, त्यानं गिटार स्टँडला टेकवली आणि उरलेलं गाणं टाळ्या वाजवत उभा राहिला. समोर कोणाला काही कळलं नाही. सेक्रेटरी काकांना तर वाटलं ते बसवलेलंच होतं.

रात्री कॅम्पात गाड्यावर ऑम्लेट खाताना निपाणीकर म्हणाला, "म्हणजे एकच पुरे की गा." कोणी काही बोललं नाही. खानापूरकरसुद्धा नाही, तो पाव तोडत बसला. मी म्हणालो, तू नसताना गाणं पोकळ होतं, काकूंच्या रेकॉर्डिंगवर आहे. रेकॉर्डिंग कधीच डिलीट झालेलं हे त्याला माहीत होतं की नाही कोणास ठाऊक, पण त्यानं आणखी एक ऑम्लेट सांगितलं.

पुढं दोन वर्षं दोन गिटारनंच वाजवलं. मग निपाणीकर नोकरीला पुण्याला गेला आणि आम्ही एकावर आलो. कॅपोवाली गाणी सोडून दिली, काही मी बेसवर वरच्या सुरात जाऊन भरून काढली, चाललं. नवीन गिटारवाला घेऊया का असं दोनतीनदा निघालं, पण कोणी शोधला नाही. कॅपो माझ्या बॅगेत आहे.

ह्या गणपतीला तो येतोय म्हणे, गिटार घेऊन. साउंडवाल्याला मी आधीच फोन करून विचारलं, चॅनल किती हाईत.