ओझोन मोजायचा, तर सूर्य कशाला मोजता?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलीने विचारला आणि मी तिला घाईत काहीतरी सांगून मोकळा झालो. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे सविस्तर.

1978 च्या ऑक्टोबरात निम्बस-7 या उपग्रहावर एसबीयूव्ही नावाचं उपकरण गेलं. ते खाली, पृथ्वीकडे बघायचं. सूर्याचे अतिनील किरण हवेत शिरतात, त्यातले काही ओझोन शोषून घेतो, थोडे विखुरून परत वर येतात. परत किती आले ते उपकरण मोजतं. पण मुळात आत गेले किती? जमेची बाजू कोरी ठेवून हिशेब लागत नाही. म्हणून सूर्यही मोजायचा, त्याच उपकरणाने.

खरी मेख पुढे आहे. सूर्याचा प्रकाश आत घेण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची एक खरबरीत पट्टी पुढे सरकवतात. बाकीचे आरसे दोन्ही मोजणींना सामाईक, त्यामुळे ते जुने झाले तरी परतलेल्या प्रकाशाला सूर्याच्या प्रकाशाने भागलं की तो दोष निघून जातो. पट्टी मात्र फक्त सूर्यासाठी. आणि ती जितकी उन्हात धरावी तितकी काळवंडते! मग सूर्य मंद भासतो, परतलेला प्रकाश त्या मानाने जास्त ठरतो आणि ओझोन आहे त्याहून कमी दिसतो.

1980 च्या दशकात हेच झालं. 1988 मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जमिनीवरून ओझोन मोजणाऱ्या डॉब्सन उपकरणांशी ताळा घेतला. ओझोनची घट खरीच होती, पण उपग्रहाचा आकडा फुगलेला होता. ओझोनला मारक रसायनांवर बंधनं घालणारा मॉन्ट्रियल करार आदल्याच वर्षी झालेला, आणि या लोकांनी आपल्याच म्हणण्याला बळ देणारा आकडा खाली आणला. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

पुढच्या उपकरणांत पट्टी तपासायला पाऱ्याचा दिवा बसवला. 1989 ते 1996 दरम्यान तसंच एक उपकरण स्पेस शटलमधून आठ वेळा वर गेलं. प्रत्येक खेपेच्या आधी आणि नंतर त्याची प्रयोगशाळेत तपासणी व्हायची.

मला सगळ्यात भावते ती 1991 च्या यूएआरएस उपग्रहावरच्या सॉल्स्टिस या सूर्य मोजणाऱ्या उपकरणाची रीत. ते दिवसा सूर्य मोजायचं आणि रात्रीच्या बाजूला गेलं की त्याच आरशांनी तेजस्वी निळे तारे. सूर्यासाठी बारीकसं छिद्र, ताऱ्यांसाठी मोठं. ताऱ्यांचं तेज वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच राहतं. सगळे एकदम मंद दिसू लागले, तर म्हातारं झालंय ते उपकरण. एखादाच तारा वेगळा वागला, तर त्याला यादीतून वगळायचं.