एका डिशवर सी आणि केयू: पूर्वेला काहीच लागत नव्हतं त्याची गोष्ट

कोल्हापुरात फुलेवाडीतल्या एका सरांचा फोन आला. "डिश फिरते, पण पूर्वेला गेली की सगळं बंद. मोटार गेली असंल, बघून जावा जरा." सर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेत. त्यांच्या गच्चीवर 8 फुटी सॉलिड डिश आहे, पोलर माउंटवर, म्हणजे एकाच मोटारीने उपग्रहांच्या ओळीवरून फिरणाऱ्या बैठकीवर बसवलेली. फिरवायला 36 व्होल्टचा जॅक, म्हणजे मोटारीने आत-बाहेर होणारा दांडा. फोकसला, जिथे डिशवरचा सिग्नल एकवटतो तिथे, एलएनबी, म्हणजे तो सिग्नल पकडून वायरीत देणारा डबा. त्यात सी आणि केयू हे उपग्रहाच्या वारंवारतेचे दोन्ही पट्टे, म्हणजे बँड, एकत्र. वायर एकच खाली येते. असा सेट बघितला की मला मनापासून बरं वाटतं. हल्ली छोटी डिश ठोकली की झालं, आकाशात काय काय आहे याचं कुणाला सोयरसुतक नसतं.

जानेवारीचे दिवस होते. सकाळी गच्चीवर चढलो ते आधी मोटार बघितली. पोझिशनरवर, म्हणजे जॅक चालवणाऱ्या डब्यावर, आकडे बरोबर पळत होते आणि जॅकचा दांडा सरळ आत-बाहेर होत होता. मोटार ठणठणीत. मग डिशच्या काठावर दोन दोरे आडवे-उभे ताणून बांधले. मध्यावर ते एकमेकांना नुसते टेकले, म्हणजे डिशला पीळ नव्हता. ही तपासणी मी कधी सोडत नाही. सी बँडला थोडी वाकडी डिशही चालून जाते, पण केयूची लाट पावणेतीन सेंटिमीटरची. तिला दोन मिलिमीटरचा पोचासुद्धा खुपतो.

आता मधून सुरुवात. कोल्हापूर साधारण 74.2 अंश पूर्व रेखांशावर. जीसॅट-18 हा उपग्रह उभा आहे 74 अंशावर. म्हणजे आपल्याला तो जवळजवळ नेमका दक्षिणेला, क्षितिजापासून 70 अंश वर. पोलर माउंट लावताना याच्यासारखा आधार नाही. तिथे सी छान, केयू छान. 83 अंशालाही दोन्ही ठीक. पण 93.5 ला गेलो आणि केयू शून्य. सी येत होता, पण चित्राचे चौकोन पडत होते. 105.5 अंशावरच्या एशियासॅट-7 वर तर सीसुद्धा गायब.

डिश 93.5 वर थांबवली आणि समोरचा काठ हाताने जेमतेम दोन सेंटिमीटर उचलून धरला. मीटरवर केयूची क्वालिटी एकदम वर गेली. हात सोडला की परत शून्य. मग डिश पश्चिमेला 57 अंशावर नेली. तिथे उलटं झालं. काठ उचलला की सी कमी, खाली दाबला की जास्त. एका टोकाला उचलावी लागते आणि दुसऱ्या टोकाला दाबावी लागते, तेव्हा दोष उंचीच्या कोनाचा नसतो, माउंटच पोलवर, म्हणजे डिशच्या उभ्या खांबावर, फिरलेलं असतं. ज्या बाजूला उचलावी लागते त्या बाजूला माउंट वळवायचं.

सरांचा प्रश्न रास्त होता. "मग मधे बरोबर कसं लागतं? आणि पश्चिमेला सी कसा चालतो?" त्यांना हिशोब मांडून दाखवला. 8 फुटी डिशची नजर सी बँडला साधारण सव्वादोन अंश रुंद असते, केयूला पाऊण अंशाच्या आसपास. एवढीच चूक सीला थोडी मंद करते आणि केयूला पार आंधळी. आधी ज्यांनी डिश बसवली त्यांनी नुसत्या सीवर जुळवून सोडून दिली होती. सी लागला की वाटतं झालं काम. दोन्ही बँड घ्यायचे असतील तर जुळवणी केयूवरच करायची, आणि तीही दोन्ही टोकांना.

लोखंडी सळ्यांच्या स्लॅबवर, तेही पोलशेजारी, होकायंत्रावर माझा भरवसा नाही. पोलला ओळंबा लावून तो उभा सरळ आहे याची खात्री केली आणि उन्हाची वाट बघितली. कोल्हापुरात जानेवारीच्या मध्यावर सूर्य बाराला दक्षिणेला येत नाही, पावणेएकच्या आसपास येतो. त्या वेळी ओळंब्याच्या दोरीची सावली गच्चीवर खडूने आखली. माउंट त्या रेषेपासून अडीच अंश पश्चिमेला निघालं. हाताने उचलून जे कळलं होतं तेच सावलीने सांगितलं.

अडीच अंश म्हणजे किती? तीन इंची पाइपच्या कडेवर दोन मिलिमीटर! पाइपवर पेन्सिलीने खूण केली, बोल्ट फक्त नखाएवढे ढिले केले आणि माझ्या हाताखालच्या पोराला सांगितलं, "ढकलू नको, पान्याच्या मुठीने टिचकी मार." तीन-चार टिचक्यांत खूण सरकली. 93.5 ला केयू हात न लावता खणखणीत.

आणि सी? तो होता तसाच. चौकोन पडतच होते. 105.5 ला तर अजूनही काहीच नाही.

सर म्हणाले, अजून थोडं सरकवू. मी नको म्हटलं. 93.5 अंशावर जीसॅट-15 केयूचा आणि जीसॅट-17 सीचा, दोघे एकाच जागी उभे आहेत. पाऊण अंशाची नजर तिथे नेमकी लागली असेल, तर सव्वादोन अंशाची चुकणं शक्यच नाही. केयूने डिशची साक्ष दिली होती. आता बिघाड शोधायचा तो फक्त सीच्या वाटेवर.

मीटर स्पेक्ट्रमवर टाकला, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती जोर आहे ते पडद्यावर दिसतं. सी एलएनबीचा ऑसिलेटर, म्हणजे त्याची आतली ठरलेली वारंवारता, 5150 मेगाहर्ट्झचा. उपग्रहाचे 3700 ते 4200 त्यातून वजा होऊन 950 ते 1450 वर दिसतात. इथे 1480 च्या पुढे डोंगर उभा होता, कुठल्याही उपग्रहापेक्षा उंच. उलटा हिशोब केला की तो 3300 ते 3670 मध्ये बसतो. 2022 च्या लिलावात मोबाइलच्या 5जीला दिलेला पट्टा तो हाच. पश्चिमेकडच्या इमारतीवर टॉवर दिसतच होता. डिश पूर्वेला वळली की फीडचं, म्हणजे फोकसवरच्या एलएनबीचं, तोंड पश्चिमेला होतं आणि टॉवर डिशच्या काठावरून थेट आत घुसतो. पोराला पत्रा धरून त्या काठावर उभं केलं. डोंगर खचला, सीचं चित्र सरळ झालं. पत्रा काढला की पुन्हा चौकोन. टॉवर स्वतःच्याच पट्ट्यात बोलतो, पण 3400 पासून ऐकणारा जुना एलएनबी त्या आवाजाने गुदमरतो.

फक्त 3700 ते 4200 घेणारा, आत फिल्टर असलेला एलएनबी हल्ली माझ्या पिशवीत असतोच. पण तो नुसता सीचा. त्यामुळे एकत्र एलएनबी काढून फोकसला हा बसवला. केयूचा एलएनबी वेगळा, पूर्व-पश्चिम रेषेत त्याच्या कडेला लावला आणि दोन्हींना डायसेक स्विच, म्हणजे एकाच वायरवर हवा तो एलएनबी निवडणारा. कडेला सरकल्याने केयूचा जोर कमी होतो, पण 8 फुटांत तो मुबलक असतो. ज्या बँडला सगळी डिश लागते तो फोकसला हवा. तोटा एकच, केयूच्या प्रत्येक उपग्रहासाठी पोझिशनरवर वेगळी जागा साठवावी लागते.

ऊन उतरेपर्यंत आम्ही त्या जागा साठवत बसलो. सर वहीत लिहून घेत होते, एका रकान्यात सी, दुसऱ्यात केयू. 105.5 लागल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आता पश्चिमेला कुठवर जाते ते बघू. लिमिट तिकडं ढिलं करा."