आल्याच्या बिअरला एअरलॉक कशाला?

आल्याच्या बिअरचं, म्हणजे आल्याचं गोड पाणी यीस्टने आंबवून केलेल्या फेसाळ पेयाचं, किट घ्यायला गेलं की चित्रात सगळ्यात आधी नजर जाते ती एअरलॉकवर. बरणीच्या झाकणात बसणारी, पोटात थोडं पाणी भरायची वाकडी नळी. आंबताना होणारा वायू बाहेर जावा आणि बाहेरची हवा आत येऊ नये, एवढंच तिचं काम. खऱ्या बिअरला ती लागते. पण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मुळे ती बिअर परवान्याशिवाय घरी करता येत नाही, तेव्हा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (कडवट फुलं) हा विषय इथेच मिटला. आल्याच्या बिअरमध्ये यीस्ट घालतो तेच फेसासाठी. तो वायू नळीतून सोडून दिला, तर उरतं आल्याचं सरबत.

किटमधलं बाकीचं सामान म्हणजे सुंठेची पूड, साखरेची पुडी, बरणी आणि यीस्ट. यातलं यीस्ट तेवढं कामाचं. वाइन-शँपेनच्या यीस्टची ५ ग्रॅमची पुडी वीसेक लिटरला पुरते, आणि आपल्याला लागतं पाऊण ग्रॅम. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

बाजारातून आणायचं ते पाच लिटरसाठी असं: आलं पाव किलो, गूळ ४०० ग्रॅम, लिंबं ४, चिमूटभर मीठ, बेकरीचं इन्स्टंट यीस्ट चहाचा पाव चमचा सपाट. आलं १२० रुपये किलो, गूळ ६० आणि लिंबू ५ रुपयाला धरलं, तर ३० + २४ + २० झाले ७४. यीस्ट आणि गॅसचे सात धरा. ८१ रुपयांत गाळून साडेचार लिटर हाती येतं, म्हणजे लिटरला १८ रुपये. आल्याचा दर वर्षभरात कुठल्या कुठे जातो, म्हणून आकडा आपल्या दिवसाचा घाला; हिशेबाची रीत तीच. किटची किंमत याच साडेचारने भागून बघा. बरणी पुन्हा वापरता येते हे खरं, पण या कृतीत बरणी लागतच नाही.

गुळाकडे मात्र नीट बघायचं. मार्केट यार्डात ढेपांची थप्पी लागलेली असते आणि हात आपोआप पिवळ्याधमक गुळाकडे जातो. रंग उजळावा म्हणून काही गुऱ्हाळांत काहिलीत हायड्रॉस पावडर टाकतात. त्यातून गुळात राहणारा गंधकाचा अंश यीस्टला मानवत नाही, आणि बाटली ढिम्म राहू शकते. लालसर-तपकिरी, बोटाने दाबला तर किंचित चिकटणारा गूळ घ्या. काकवी मिळाली तर अजून छान, फक्त ती गुळापेक्षा पातळ, तेव्हा ५०० ग्रॅम घ्या.

आलं सालीसकट धुऊन किसा. निम्मा कीस दोन लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा. उरलेला निम्मा पिळून रस बाजूला ठेवा. उकळल्यावर आल्याचा झणका मवाळ होतो, तो कच्च्या रसाने परत येतो. किटमधली सुंठ घशाला जास्त जाळते, पण ओल्या आल्याचा वास तिच्यात नसतो. उकळत्या पाण्यातच गूळ आणि मीठ घाला, वर येणारी मळी झाऱ्याने काढा आणि धुतलेल्या फडक्यातून दोनदा गाळा. गुळात चिपाडाचे तुकडे आणि बारीक कचरा निघतोच. मग उरलेलं तीन लिटर उकळून गार केलेलं पाणी, आल्याचा आणि लिंबाचा रस घाला. बोट बुडवलं तर ना गरम ना गार लागलं की यीस्ट. घाईने गरमात टाकलं तर ते मरतं. आल्याची बिअर फसते ती बहुतेक इथेच. यीस्ट जुनं असेल तर आधी कोमट साखरपाण्यात दहा मिनिटं फेस येतो का बघा.

बाटल्या कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्याच घ्या. त्यांचं बूड पाच पायांचं असतं, ते दाब सोसण्यासाठीच. पाण्याच्या पातळ बाटल्या चालत नाहीत. गोटी सोड्याची बाटली देखणी खरी, पण आतला दाब कळत नाही आणि मानेत ब्रश जात नाही. वर दोन बोटं जागा ठेवून झाकण घट्ट लावा.

आता खरी राखण. लिटरमागे सात ग्रॅम साखर आंबली की साडेतीन ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो, चांगला फेस यायला तो पुरे. अल्कोहोल तेव्हा ०.४५ टक्क्याच्या जवळपास असतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांत ०.५ टक्क्याच्या वरचं पेय मद्य धरलं जातं, म्हणजे फार मोकळीक नाही. या गुळातून लिटरमागे साठेक ग्रॅम साखर येते, तेव्हा बाटली बाहेर विसरली तर यीस्ट थांबणार नाही. प्लास्टिक फुटतं तेव्हा भिंत चिकट होते. काच फुटली तर डोळ्यावर बेततं.

एप्रिल-मेच्या उकाड्यात दहा-बारा तासांनी बाटली दाबून बघायला सुरुवात करा, डिसेंबरात दीड-दोन दिवस लागतात. अंगठा रुतेनासा झाला की लगेच फ्रिजमध्ये. दगडासारखी लागली तर उशीर झालाय: आधी गार करा, मग बेसिनवर झाकण हळूहळू सैल करा. फ्रिजमध्येही काम अगदी थांबत नाही, म्हणून आठवड्यात संपवा. ओतताना तळातला गाळ बाटलीतच राहू द्या, त्याला पावाचा वास येतो. शँपेनचं यीस्ट तळाला घट्ट बसतं, बेकरीचं सैल; किटवाल्यांची ही एक गोष्ट मान्य करावी लागते. तेवढी पुडी सुटी मिळत असेल तर घ्या, उघडल्यावर हवाबंद डबीत फ्रीझरमध्ये ठेवा.