टाचेचा फोड आणि छन्नीचे पाणी

एकादशी पंढरपूरची, पण पौर्णिमेला विठ्ठल आमच्या धापेवाड्याला येतो. म्हणून आम्ही नागपूरकर जरा उशिरानेच निघतो. गोरेवाडा, फेटरी कधी मागे पडले, आठवत नाही. आठवतो टेम्पोवरचा भोंगा. हरिपाठ सोडून सगळे वाजत होते.

कळमेश्वरच्या अलीकडे टाचेचा फोड फुटला. दिंडीतले एक काका म्हणाले, "माउली, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." म्हटलं, देवपण राहू द्या, पट्टी आहे का? नव्हती.

रस्त्याकडेला ताडपत्रीखाली एक म्हातारा पाथरवट खल घडवत होता. "बसा जी. पाय द्या इकडे." छन्नीला पाणी पाजायची दगडी डोणी त्याने उपडी केली, माठातले गार पाणी ओतले आणि माझे पाय त्यात ठेवले. मग धोतराची चिंधी फाडली. डोणी माझ्या पायांनी अडली, म्हणून छन्नीसाठी त्याने डबा घेतला.

छन्नी भट्टीत लाल करायची, ठोकून टोक काढायचे आणि नुसते टोक पाण्यात. चर्र! बाहेर काढून तो टक लावून बघे. मागची धग पुढे सरकते, टोक पिवळसर होते, मग जांभळट. त्या क्षणी अख्खी छन्नी पाण्यात. "आधी विझवली तं तुटते, उशीर केला तं वाकते." मग हातोडीने दगड वाजवून दाखवला. खणखणला तर धड, बद्द वाजला तर आत चीर.

मी शहाणपणा केला. रामटेकच्या देवळातली केवल नृसिंहाची मूर्ती पाचव्या शतकातली, वाकाटक राजांच्या काळची, वगैरे. त्याने मान वर केली नाही. "तो तांबडा, रेतीचा दगड. आयकते. हा काया हाय, हा आयकत नाही." चार घाव घालून म्हणाला, "देव कधीमधी घडते बाप्पा. पोट पाट्यावर होतं. मिक्सर आलं, आता पाट्याले टाकी लावाले कोण येते?"

आमच्याकडे आईचा पाटा आहे, म्हटलं. इतका गुळगुळीत की चटणी घसरते.

"पुढच्या वारीले आणा."

वारीत पाटा कोण नेतं? तरी हो म्हटलं.

"उठा आता, उजेड अडते."

भोंगा पार पुढे गेला होता. त्या शांततेत ज्ञानबा-तुकाराम म्हणत लंगडत निघालो, आणि मध्येच रडू आले. धापेवाड्याच्या चंद्रभागेत पाय बुडवले, दर्शन झाले. परतीला बस मिळाली. कळमेश्वर येईस्तोवर झोप लागली. ताडपत्री डावीकडे होती की उजवीकडे, तेही बघायचे राहिले.

काल पाटा उचलून पाहिला. एकट्याने उचलत नाही.