शाळेच्या खात्यावरची सही बदलायला गेलेले चार महिने

प्रतिभा कारंजीत, म्हणजे शाळांच्या कलास्पर्धेत, वेशभूषेला आमच्या शाळेची तिसरीतली पोर कित्तूरची राणी चन्नम्मा झाली होती. अंगावर आईची साडी, कमरेला पाच ठिकाणी सेफ्टी पिना, हातात पुठ्ठ्याची तलवार. १८२४ची लढाई, ब्रिटिशांना कर देणार नाही म्हणून ठणकावलेलं उत्तर, सगळं तिला तोंडपाठ. मधेच एक पिन सुटली. पोरीनं डाव्या हातानं निऱ्या धरल्या, उजव्या हातातली तलवार खाली येऊ दिली नाही आणि शेवटचं वाक्य म्हणूनच ती थांबली. बाकीच्या शाळांच्या मुली भाड्याच्या नऊवारीत, दागिने घालून आल्या होत्या. आमच्या शाळेच्या खात्यात त्या दिवशी २७,५०० रुपये पडून होते आणि त्यातला एक रुपया आम्हाला काढता येत नव्हता. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आमची शाळा कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात आहे. मराठी मुलींची सरकारी शाळा, पहिली ते सातवी. माझी मुलगी सहावीत. २०२५च्या जुलैमध्ये मला शाळा सुधारणा कमिटीची, म्हणजे एसडीएमसीची, अध्यक्ष निवडलं. शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी लग्न होऊन पुण्याला, गोव्याला, कोल्हापूरला गेल्यात. त्यांनी आपसात वर्गणी काढून ऑगस्टमध्ये पैसे पाठवले. सांगणं एकच होतं, मुलींना लेझीम घ्या आणि गॅदरिंगला कपडे घ्या. पैसे खात्यावर आले, पावत्या दिल्या. इथपर्यंत सगळं आठ दिवसांत झालं.

कमिटीच्या खात्यावर दोन सह्या चालतात, एक अध्यक्षांची आणि एक मुख्याध्यापिका बाईंची. बँकेत सही होती जुन्या अध्यक्षांची. ते कामाला गोव्यात. गणपतीला आले तेव्हा त्यांना गाठून पत्रावर सही घेतली, त्यांनी लगेच दिली. मला वाटलं, झालं आता काम.

बँकेच्या खिडकीवरच्या माणसानं माझे कागद उलटेपालटे केले आणि एका चिठ्ठीवर कन्नडमध्ये चार ओळी लिहून दिल्या. म्हणाला, "अक्का, हे सगळं आणा." मला कन्नड बोललेलं समजतं, मोडकंतोडकं बोलताही येतं, पण वाचता येत नाही. आमच्या वेळी मी पाचवीनंतर शाळा सोडली. ती चिठ्ठी मी झेरॉक्सच्या दुकानात दाखवली. त्या मुलानं कमिटीचा ठराव कन्नडमध्ये टाइप करून दिला, पन्नास रुपये घेतले. ठराव घेऊन गेले. परत पाठवलं. विचारलं, काय कमी आहे? तो म्हणाला, नडवळी. मला वाटलं ठरावालाच म्हणत असेल. पुन्हा ठराव केला, या वेळी गोल शिक्का मारून. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी आधार कार्डावरचं नाव निघालं. आधारवर माझं माहेरचं आडनाव, ठरावात सासरचं. ते दुरुस्त करून घेण्यात पंधरा दिवस गेले.

मध्ये २२ सप्टेंबरपासून राज्याचा सर्व्हे लागला. आमच्या मुख्याध्यापिका बाई घरोघर माहिती भरत फिरत होत्या, दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढली. बाईंना दोष देण्यासारखं काहीच नाही, त्या रात्री आठला घरी पोचत होत्या. पण त्यांच्या सहीशिवाय एकही कागद पुढे सरकत नव्हता. मी शाळेच्या बंद गेटसमोर दोनदा उभी राहून परत आले. बस बायकांना फुकट आहे, शक्ती योजना सुरू झाल्यापासून तो खर्च नाही. पण खानापूरला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो आणि भाताच्या दिवसांत एक रोजगार बुडणं काय असतं ते आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी पर्समधून ती चिठ्ठी खाली पडली. घडीवर फाटायला आली होती. मुलगी अभ्यास करत होती, तिनं उचलली आणि बोट ठेवून वाचायला लागली. शाळेत कन्नड शिकतातच या मुली. पहिली ओळ वाचली, "ठरावु." म्हटलं, ते दिलंय. दुसरी, फोटो. तिसरी, आधार. चौथ्या ओळीवर ती थांबली, अक्षरं जोडून वाचलं, "सभा नडवळी." मग म्हणाली, "आई, हे ठरावापेक्षा वेगळं आहे. सभा म्हणजे मीटिंग. मीटिंगमध्ये काय काय झालं ते."

सप्टेंबरपासून ती चिठ्ठी माझ्याजवळ होती. घरात वाचणारी मुलगी होती आणि मी झेरॉक्सवाल्याला विचारत फिरले. नडवळी म्हणजे मीटिंगचं पूर्ण इतिवृत्त. कोण कोण हजर होतं, सूचक कोण, अनुमोदक कोण, खाली सगळ्यांच्या सह्या. त्या पानाची झेरॉक्स, त्यावर खरी नक्कल म्हणून बाईंची सही आणि शाळेचा शिक्का. ठराव म्हणजे त्यातला नुसता एक तुकडा. बँकेला बघायचं होतं की ही बाई खरंच निवडून आलीय का. विचारणं रास्त होतं. पण खिडकीवरच्या माणसानं दोन वाक्यं समजावून सांगितली असती तर मला तीन फेऱ्या पडल्या नसत्या, आणि चन्नम्माची साडी पिनांवर टाचायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वही काढली. जुलैच्या मीटिंगचं पान निघालं, पण त्यावर सह्याच नव्हत्या. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता, लाइट गेली होती, हजेरी एका सुट्या कागदावर घेतली होती आणि तो कागद हरवला होता. बाई म्हणाल्या, मागची तारीख घालून सह्या घ्यायच्या नाहीत, मीटिंग नव्याने घ्यायची. मला त्या क्षणी बाईंचाही राग आला. आता वाटतं, त्यांनी केलं ते बरोबर केलं.

मीटिंग घ्यायची म्हणजे पुरेसे सभासद पाहिजेत, आणि ऐन सुगी. सगळ्या बाया दिवसभर शेतात. आम्ही रात्री साडेसातला शाळेच्या वर्गात ठेवली. मी आणि मुलगी घरोघर जाऊन सांगून आलो. अकरा जण आले, त्यातल्या सात बाया. एक जण मळणीवरून तशीच आली होती, केसांत भाताचं भुसकट, हात काळे. सही करायच्या आधी ती बाहेर नळावर गेली, साबण मागून हात धुतले, पदराला पुसले आणि मग वहीत आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहिलं. अंगठा नाही उठवला. म्हणाली, "मुलींच्या शाळेच्या वहीत अंगठा कसा लावू?" बाकीच्या बायांनीही मग पूर्ण नावं लिहिली. ते पान मी कितीदा तरी उघडून बघितलंय.

नडवळी दिल्यावर दहा दिवसांत सही बदलली, चेकबुक आलं. डिसेंबर उजाडला होता.

तुमच्याकडे नवी कमिटी झाली तर मीटिंग संपायच्या आत वहीतच सह्या घ्या, सुट्या कागदावर नको. बँकेतून काय आणायचं ते लिहून घ्या आणि तिथेच उभं राहून वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या एखाद्या मोठ्या मुलीला बरोबर न्या. ठराव मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही करून ठेवा, तीन-तीन प्रती. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, मी एकदा तसा शनिवारही घालवला. जुन्या अध्यक्षांचं पत्र ते गावात असतील तेव्हाच घ्या. आधारवरचं नाव अध्यक्ष व्हायच्या आधी तपासा, नंतर नाही. आणि पैसे खात्यावर यायच्या आधी सही बदलून घ्या, हे तर पहिलंच सांगायला हवं होतं.

लेझीम बेळगावात खडे बाजारात जाऊन आणल्या, चोवीस. वाजवून बघून घेतल्या, कारण काहींच्या चकत्या सैल असतात आणि आवाज नीट येत नाही. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शनिवार होता, सकाळची शाळा. गॅदरिंग त्याच दिवशी ठेवलं. मुली शाळेपासून लक्ष्मीच्या देवळापर्यंत लेझीम खेळत गेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आया उभ्या होत्या, म्हाताऱ्या माणसांनी दारात खुर्च्या टाकल्या होत्या. चन्नम्मा झालेली ती पोर सगळ्यात पुढे होती, तिच्यासाठी खरी नऊवारी घेतली होती, शिवून आणलेली, पिन न लावता नेसायची.

त्या नऊवारीची पावती आणि नडवळीची नक्कल एकाच फाइलमध्ये लावून शाळेच्या कपाटात ठेवली आहे. फाइलच्या पुठ्ठ्यावर मुलीनं दोन्ही भाषांत नाव लिहिलंय.