हिरव्या झाकणाची ट्यूब

बाबांच्या सीबीसीत, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी १,८६,००० आल्या तेव्हा बाबा म्हणे लॅबवाल्याने एक शून्य जास्तीचं मारलं असणार. त्याआधी दोन महिने डाव्या बरगडीखाली जड वाटतंय म्हणून ओवा नि सोडा चालू होता, ती प्लीहा सुजलेली हे मागाहून कळलं.

मग बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी. कमरेच्या हाडातून सॅम्पल काढलं, बाबांनी दातओठ खाऊन सोसलं आणि दुसऱ्या दिवशी फोन, परत द्यावं लागेल! का, तर कॅरियोटायपिंगचं (पेशींतले क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं बघायची टेस्ट) सॅम्पल जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधे भरलं होतं, त्याला हिरव्या झाकणाची, हेपरिनवाली (रक्त गोठू न देणारं औषध) लागते. असली तळपायाची आग मस्तकात गेली ना!

तिथल्या टेक्निशियन ताईंनी शांतपणे सांगितलं की या टेस्टला पेशी जिवंत लागतात. लॅबमधे एक-दोन दिवस वाढवायच्या, आणि दुभंगायला लागल्या की तिथल्या तिथे औषध घालून थांबवायच्या (मामा गाउटसाठी कोल्चिसिन घेतो, त्याच्याच भावकीतलं), कारण क्रोमोसोम सुटे सुटे दिसतात ते तेवढ्यातच. मग रंग देऊन पट्टे उठवायचे आणि साधारण २० पेशींमधल्या जोड्या लावायच्या. कॉम्प्युटर मदतीला असतो, पण नजर माणसाचीच.

बाबांच्या वीसच्या वीस पेशींत टी(९;२२) निघालं. म्हणजे ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमने आपापली शेपटं बदलून घेतलेली, त्यात २२ बुटका झाला. म्हणजे सीएमएल, रक्ताचा एक कॅन्सर. हा बुटका १९६० मधे नॉवेल आणि हंगरफर्ड या संशोधकांना फिलाडेल्फियात दिसला म्हणून फिलाडेल्फिया क्रोमोसोम, पण तुटलेला तुकडा गेला कुठे हे कळलं १९७३ मधे, जॅनेट राउली या संशोधक बाईंमुळे. त्या घरी डायनिंग टेबलवर क्रोमोसोमचे फोटो कात्रीने कापत बसायच्या आणि पोरं चिडवायची, आई कागदी बाहुल्या खेळतेय. हे वाचून मला बाई एकदम ओळखीच्याच वाटल्या.

त्या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल अशी दोन जीन्स चिकटतात, त्यांचं प्रोटीन पेशींना वाढा वाढा म्हणत सुटतं, आणि इमॅटिनिब हे औषध नेमकं त्यालाच गप्प करतं. बाबांना ४०० मिग्रॅची रोज एक, जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत.

आता दर तीन महिन्यांनी रक्ताची पीसीआर (ती चिकटलेली जीन्स किती उरलीत ते मोजणारी टेस्ट) असते, तिला मात्र जांभळंच झाकण चालतं. तरी बाबा आधी ट्यूब हातात घेऊन बघतात, ‘कुठली टेस्ट ही?’ विचारतात, आणि मगच बाही वर करतात.